मातोश्रींना पाणी

नांदेड, १३ मार्च १९८३, रविवार

सकाळी लातूरकडची एक जीप देगलूर नाक्यावर माझ्या कारखान्यापुढे येऊन थांबली. उतरले ते महादेवप्पा नावाचे गृहस्थ. कपाळाला भस्म, इस्त्रीचे कपडे, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या डोक्यावरून बघायची सवय. स्मारक समितीचे चिटणीस. साहेबांच्या मातोश्रींचा पुतळा करायचा आहे. सिमेंटचा, उभा, साडेसात फूट.

साहेब कोण, असं लातूर भागात विचारायची सोय नाही. साखर कारखाना त्यांचा, शाळा त्यांच्या, बँक भाच्याची. गेल्या ऑगस्टात लातूर उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून महादेवप्पांच्या तोंडी 'जिल्हा' आणि 'साहेब' हे शब्द आलटूनपालटून येतात, अर्थ एकच. पोरगा राजा झाला म्हटल्यावर आई साधी बाई राहून कसं भागेल? ती मरून पन्नासच्या वर वर्षं झाली. आता तिला राणी करायला निघालेत.

"फोटो द्या," मी म्हणालो.

"फोटो नाही."

"एखादं चित्र?"

"निजामाच्या राज्यात वाडीतल्या बाईचं चित्र कोण काढणार, केरबाजी? तुम्ही कलावंत. कल्पनेनं करा."

कल्पनेनं! हा शब्द माझ्या कारखान्यात चालत नाही. मी चौथीपर्यंत शिकलो. गवंड्याच्या हाताखाली चुना मळता मळता हात तयार झाला. डॉक्टरी शिकणाऱ्या पोरांची जुनी पुस्तकं रद्दीतून आणून माणसाची हाडं पाठ केली. कोटाची बटणं कोणत्या बाजूला असतात ते बघायला शिंप्याच्या दुकानात जाऊन बसलो. आज परभणीपासून बिदरपर्यंत माझे बुद्ध आणि बाबासाहेब उभे आहेत. एकाचाही चष्मा नाकावर वाकडा बसलेला दाखवावा, मी धंदा सोडतो.

तरी हो म्हणालो. दुष्काळात वर्गणी कोण देणार? यंदा जयंतीच्या मागण्या दोनच आल्या. अनावरण आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, १५ मे. चौथऱ्यावर माझं नाव कोरायचं ही अट घातली. "बघू," असं ते माझ्या डोक्यावरून म्हणाले.

खैरवाडी, २० मार्च

रेणापूरच्या पुढे ही वाडी. साहेबांचं मूळ गाव. ते स्वतः लातूरला बंगल्यात असतात.

आड आटला आहे. हापसा हलवला की नुसती हवा येते. बायका ओढ्यात खड्डे उकरून झिऱ्याचं पाणी वाटीवाटीनं भरतात. आणि चौथऱ्याशेजारी नवाकोरा हौद भरलेला! तो माझ्यासाठी. सिमेंट ओलं ठेवलं नाही तर तडकतं, पुतळा होईपर्यंत रोज पाणी लागेल, हे मीच समितीला बजावलं होतं. रोज एक टँकर येतो. सिमेंटलासुद्धा परमिट लागतं हल्ली, इथं गोण्यांची थप्पी लागलेली.

महादेवप्पांच्या ओसरीत चहा झाला. सगळ्यांना कपबशा आल्या, माझा कप गोठ्याच्या भिंतीवरून काढून आणला. कान तुटलेला. मी पिशवीतून माझा पेला काढून पुढे धरला. चहा वरून ओतला गेला, वीतभर अंतर ठेवून. मग त्याच तोंडानं "केरबाजी, मातोश्री म्हणजे साक्षात अन्नपूर्णा."

दुपारी पाराखाली नातेवाईक जमवले. एकानंही बाईला पाहिलेलं नाही, पण वर्णन करायला सगळे पुढे. एक म्हणे गोरीपान. दुसरा म्हणे सावळी पण तेजस्वी. साहेबांचे मेहुणे म्हणाले, "नाक साहेबांसारखंच घ्या. लोकांना बघताक्षणी कळलं पाहिजे."

"पोरगं आईवर जातं, आई पोरावर नाही," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

समितीनं छापलेली चरित्राची पुस्तिका दिली. त्यात लिहिलंय की साहेब पोटात असताना मातोश्रींना स्वप्न पडलं, सूर्य पदरात उतरला. शेवटी म्हणे नामस्मरण करता करता देह ठेवला. वाचून हात धुवावेसे वाटले. धुतले नाहीत, पाण्याची टंचाई.

२३ मार्च

चेहरा सापडला.

पारूबाई म्हणून एक तोंडाळ बाई आहे, सरपण घेऊन चाललेली. मला सळया बांधताना बघून थांबली. "तोंड पायजे ना तुमाला? त्या टोळक्याला काय इचारायलाव? साखराबाईला बघा. सख्खी भन हाय मातोसरीची. सवत बी हाय."

वाडीच्या टोकाला एका खोलीत ही साखराबाई राहते. सत्तरीची. कोंडाबाई, म्हणजे आताच्या मातोश्री, मेल्या तेव्हा साहेब तीन वर्षांचे. बापानं मेलेल्या बायकोच्या धाकट्या बहिणीशीच लग्न लावलं. तीच ही. साहेबांना न्हाऊ घातलं, शाळेत धाडलं ते हिनं. पुस्तिकेत हिचं नाव नाही. शेवटच्या पानापर्यंत शोधलं.

हाडं उत्तम आहेत. गालाची कड, भुवईची कमान, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. बहिणीलाही तस्सेच होते, एकाच वैदूणीनं गोंदलेले, असं म्हणाली. गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक. पाहू दे म्हणालो तर मुठीत धरून दाखवला. बाईचा आकार, घासून गुळगुळीत, नाक-डोळे गेलेले.

"ही कोण?"

"कोंडीच. दुसरेपणाची बाईल म्हनून घातली सासूनं माझ्या गळ्यात. मेलेल्या सवतीचा टाक घालावा लागतो, न्हाईतर ती संसार करू देत न्हाई. तवाचा हाय."

म्हणजे त्या बाईची जगात एवढी एकच प्रतिमा, आणि तीही सोनाराच्या ठशातली. असल्या टाकातल्या सगळ्या बायका सारख्याच असतात. माझ्या कामाची नाही.

बसायला तयार झाली. मी रोजाचे पैसे सांगितले.

"पैशाचं काय करू मिस्त्री? पेता येतंय का?" म्हणाली. "तुझ्या टँकरचं उरलेलं पानी रोज आडात सोड. सगळी वाडी पेईल."

मी मिस्त्री नाही, शिल्पकार आहे, हे आधी सांगितलं. मग महादेवप्पांना विचारलं. "उरलं तर देऊ की, सांगा तिला," म्हणाले. परत जाऊन मी तिला शब्द दिला. मी पन्नाशीला आलो, आजवर दिलेली तारीख चुकवलेली नाही, शब्द तर दूरच.

६ एप्रिल

पायापासून निऱ्यांपर्यंत काम झालं. बारदान गुंडाळून दिवसातून चार वेळा भिजवतो.

साखराबाई रोज येऊन बसते, हलत नाही. असा माणूस मिळणं कठीण. मी मातीत तिचं डोकं करतोय, वय उतरवून. तोंड मात्र चालू असतं.

"नथ होती का त्यांना?" मी विचारलं. समितीला मोठी नथ पाहिजे.

"नाक टोचलं व्हतं. भोक बुजू नये म्हनून लिंबाची काडी घालायची."

समितीला म्हणालो, काडी दाखवतो. गोंदणही दाखवणार. महादेवप्पा म्हणाले, "काडी? अहो, जिल्ह्याच्या मातोश्री आहेत त्या! आणि गोंदण मागासलेलं दिसतं." मी ठिपके ठेवणार. काडीवर अजून भांडण चालू आहे.

आज विचारलं, "मावशी, वारल्या कशानं त्या?"

"पटकीनं. असाच दुकाळ व्हता. वढ्यातल्या झिऱ्याचं पानी पेली, दिस मावळायला डोळे आत गेले. पानी पानी करायली. पटकीच्या मानसाला पानी द्यायचं नसतं म्हनायचे तवा. सासू रांजनावर पालथा हात ठिवून बसली, कुनाला घेऊ दिलं न्हाई. तशीच गेली."

मी तिला समजावून सांगितलं की हे शास्त्राच्या अगदी उलट झालं. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, पाणीच द्यायचं असतं, मीठ-साखर घालून. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर तो मजकूर मी स्वतः रंगवलेला आहे.

"आता सांगायलास व्हय," ती म्हणाली.

तिची एक गोष्ट मला बघवत नाही. प्यायला पाणी घेतलं की आधी ओंजळभर त्या टाकावर ओतते, मग स्वतः पिते. ओंजळभर! एवढ्या टंचाईत! बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस मी, गप्प बसवेना. म्हणालो, मावशी, चांदीला तहान लागत नाही.

"आन तू हौदभर कुनाला पाजायलास?"

ते वेगळं, ते रसायन आहे, हे सांगितलं. समजून घेतलं नाही.

१० एप्रिल

शिसारी आली आज या गावाची.

चार दिवस बघतोय, सकाळी बारदान कोरडं असतं. काल संध्याकाळी चिंब करून ठेवलेलं. आज उजाडायच्या आत जाऊन बसलो. पारूबाई आणि आणखी पाच-सहा बायका. बारदान सोडून, दोघी दोन टोकांना धरून पिळतायत, खाली घागर!

मी ओरडलो. "ते सिमेंटचं पाणी आहे! चुना उतरतो त्यात, पोट जळेल!"

"झिऱ्याच्या पान्यानं पोरं हगायलेत," पारूबाई पिळतच म्हणाली. "ह्याच्यानं जळतील. काय फरक हाय?"

"चोरी आहे ही!"

"मातोसरी काय बोलल्या का तुमाला? त्यांनी दिलं, आमी घेतलं."

बाकीच्या हसल्या. मी घागर लाथेनं पाडली. पाणी पायऱ्यांवरून गेलं. मग कुणी हसलं नाही.

ज्या वाडीत मला चहा वीतभरावरून ओततात, त्याच वाडीतल्या बायका माझ्या हातानं गुंडाळलेलं बारदान पिळून पितात. विटाळ कुठे गेला? वाळून गेला असेल उन्हात. कमरेच्या वर हलकी चीर दिसली, बुजवली. हौदाच्या झाकणाला कुलूप मागितलं, लगेच मिळालं.

नांदेड, १४ एप्रिल

जयंतीला आलो. मिरवणूक, बँड, निळा गुलाल. माझा नवा पुतळा रथावर होता. चष्मा सरळ.

माझा जुना मित्र दगडोबा, रेल्वेतला, गर्दीत भेटला. "काय केरबा, आता पाटलांच्या आया घडवायलास म्हनं?"

"हाडं सगळ्यांची सारखीच असतात," मी म्हणालो.

"हाडाचं न्हाई इचारलं. तिथं पानी कुन्या भांड्यात देतेत ते सांग."

उत्तर दिलं नाही. उत्तर देण्यासारखं काही सुचलं नाही म्हणून नव्हे, बँड जोरात होता.

खैरवाडी, १७ एप्रिल

परत येऊन दोन दिवस झाले, साखराबाई बसायला आली नाही. काम अडलं, म्हणून रागानंच तिच्या घरी गेलो. उंबऱ्यात बसली होती. रांजण आडवा पडलेला, आतून कोरडा. ओठ फुटलेले. हे ओठ बघून पुतळ्याचे करता येणार नाहीत.

"का आला नाहीत?"

"तुझा शबूद आला का आडात?"

मी आडापाशी गेलो. आत वाकून पाहिलं. तळाला बेडकाचं कातडं वाळलेलं. पारूबाई मागे उभी होती. म्हणाली, पहिले दोन दिवस पाणी सोडलं, मग बंद. उरलेलं महादेवप्पांच्या द्राक्षाच्या मळ्यात जातं. सगळ्या वाडीला माहीत. मला एकट्याला नव्हतं, कारण मी निऱ्या मोजत होतो.

महादेवप्पांना गाठलं. हिशेबी माणूस, चिडले नाहीत.

"अहो मिस्त्री, उरलं तर, असं म्हणालो होतो. उरतच नाही. तुमचा पुतळाच पितो सगळं."

"मळ्यात जातं ते?"

"मळ्याचं आम्ही बघू. पुतळ्याला कमी पाणी पुरत असेल तर तसं सांगा, टँकर कमी करू."

म्हणजे मी 'कमी पुरतं' म्हणालो तर टँकरच कमी. 'सगळं लागतं' म्हणालो तर आडाला काही नाही. म्हणालो, उलट दुप्पट लागेल, डोक्याचं काम नाजूक असतं. साफ खोटं. आयुष्यात सिमेंटबद्दल मी खोटं बोललो नव्हतो. त्यांनी दुप्पट दिलंच नाही. एकच टँकर, हौदात, रोज. तोंड कडू झालं ते झालंच.

१९ एप्रिल

हौदाची किल्ली माझ्याकडे आहे.

आज सकाळी झाकण उघडं ठेवलं आणि पाठ करून निऱ्या घासत बसलो. मागे घागरींचे आवाज. नंतर बघितलं तर हौदात टाचभर पाणी. साखराबाई वेळेवर येऊन बसली. ओठ अजून फुटलेले, पण ओले.

टाचभर पाण्यात बारदान दोनदा भिजतं. चार वेळा लागतं.

२५ एप्रिल

रोज तेच चालू आहे. समितीचं कुणी येणार असलं की आधी वरून बारदान ओलं करतो, म्हणजे नियमित वाटतं. नाटकी लोकांची मला घृणा येते आणि मी इथं पुतळ्याला ओलं बारदान नेसवून उभा करतो!

आज पारूबाईनं माझा पेला मागितला, धुतला आणि भरून दिला. हातात दिला. मी घेतला. चांगलं गार पाणी होतं. माझ्याच हौदातलं.

२ मे

डोकं बसवलं. काम संपलं, घासणं तेवढं राहिलं.

बारदान काढलं तेव्हा साखराबाईला बोलावलं. हनुवटीवर तीन ठिपके, भुवई बरोबर, नाकात काडी. काडीचं भांडण मी जिंकलो, वरून पितळी नथ अडकवायची या बोलीवर. बाई लांब उभी राहून बघायला लागली.

"कोंडाबाई अशाच होत्या का?"

"कोंडीचं तोंड मला आता याद न्हाई रे." मग दोन पावलं पुढे आली. "मी अशी व्हते. तरनी असताना. मी कधी बघितलंच न्हाई."

चूक कुठे आहे ते नेमकं सांगा म्हणालो, अजून सुधारता येईल. सांगेना. पदरानं पुतळ्याच्या पायावरची धूळ पुसली आणि घरी गेली. पसंत पडलं नसावं.

महादेवप्पा आले. "आता सोनेरी रंग."

मी म्हणालो, सोनेरी रंग शोभतो तो सर्कशीतल्या सिंहाला. सिमेंटचा स्वतःचा रंग राहील. पाथरवटानं दगड घडवावा तसं घासून काढलं आहे मी. त्यावर रंग म्हणजे तोंडावर शेण. माझा आवाज चढला. शेवटी ते म्हणाले, राहू द्या तुमचा सिमेंटी.

आयुष्यातलं सगळ्यात बरोबर डोकं झालं आहे हे. लिहून ठेवतो, नंतर गर्व म्हणून खोडणार नाही.

९ मे

ऊन मरणाचं पडतंय. आज सकाळी डाव्या गालावर केसाएवढी रेघ. दुपारी दुसरी, भुवईपासून कानाकडे. निऱ्यांवर जाळं. हात लावला तर पोकळ वाजतं.

तहानलेलं सिमेंट असंच बोलतं. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. भिजवायला पाहिजे होतं तेवढं भिजवलं नाही, मी. माणूस असता तर म्हणालो असतो, उपासमार केली. दोन पावसाळे टिकेल. मग गाल सुटून पडेल, आणि लोक म्हणतील कुणी गाढवानं केला.

माझ्या हातून असं काम गेलेलं नाही. गवंड्याच्या हाताखाली पोरगा होतो तेव्हाही नाही. संध्याकाळी जेवलो नाही. पारूबाई भाकरी घेऊन आली, परत पाठवली. चौथऱ्यावर मी खडूनं नाव लिहून ठेवलं होतं, गवंडी उद्या कोरणार होता. ओल्या फडक्यानं पुसलं. असल्या कामाखाली नाव घालायला मी काय महादेवप्पा आहे?

मग चालत गेलो आणि महादेवप्पांना म्हणालो, सोनेरी रंग आणवा. दोन हात द्यावे लागतील, जाड.

ते आनंदले. "बघा, शेवटी पटलं ना?"

"पटलं," म्हणालो.

१५ मे, आखिती

अनावरण झालं. ते लिहायलाही किळस येते, पण लिहितो.

मंडप, लाऊडस्पीकर, गाड्या. जिल्ह्यातले झाडून सगळे. पुतळा पिवळा जर्द, ठिपके रंगात बुडाले, नाकात वीतभर पितळी नथ. कागदी हार. खाली चांदीचा कलश पाण्यानं भरून ठेवलेला. आज पितरांना पाणी द्यायचा दिवस म्हणून साहेबांनी स्वतः तो मातोश्रींच्या पायांवर रिकामा केला. कापूर, मंत्र. पाणी चौथऱ्यावरून वाहत मंडपाखाली गेलं. पुढच्या रांगेतल्या बायकांचे डोळे त्या पाण्यामागून गेले.

साहेबांनी पुतळ्याच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ. उठले तेव्हा डोळे खरंच ओले होते. वर चेहऱ्याकडे बघितलं आणि भाषणात म्हणाले, "या चेहऱ्यानं मला घडवलं." टाळ्या.

नंतर गाडीकडे जाताना साखराबाई दोरीच्या कडेला बसलेली. साहेब क्षणभर थांबले. "काय मावशी, बरी हैस ना?"

"हाव," ती म्हणाली.

गाडीचं दार लागलं.

महादेवप्पा मला बाजूला घेऊन गेले. साहेब खूश आहेत. आता वडिलांचाही करायचा, मातोश्रींच्या शेजारी. मी मागीन ते पैसे. ताबडतोब सुरुवात.

मी म्हणालो, "लातूर जिल्ह्यात माझा हात परत सिमेंटला लागणार नाही." इतकं नीट, शांतपणे म्हणालो की स्वतःलाच बरं वाटलं. ते पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. पन्नास दिवसांतलं मोठ्यात मोठं समाधान ते.

१६ मे

सामान बांधून एसटीची वाट बघत नाक्यावर बसलो होतो. साखराबाई आणि पारूबाई आल्या, मागून रिकाम्या घागरी घेऊन आणखी बायका.

"टँकर आला न्हाई," साखराबाई म्हणाली.

"आता येणार नाही, मावशी. पुतळा झाला."

"दुसरा व्हायचाय म्हनं. मालकाचा."

"मी नाही म्हणालो."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पिशवी खाली ठेवली.

"कुनाला इचारून?"

"मावशी, लाज वाटते मला असल्या कामाची. खोट्या लोकांचं खोटं..."

"तुला लाज वाटती. वाटू दे की. आमाला तहान लागती." तिचा आवाज चढला नाही. "पाऊस मिरगाला येतो का त्याच्या म्होरं, कुनाला ठाव. तवर काय पिळायचं आमी? तुझी लाज?"

मी म्हणालो, दुसरा मिस्त्री येईल, तो करील.

"दुसरा कुलूप उघडं ठिवंल का?"

एसटी आली, धूळ उडाली, कंडक्टरनं घंटी मारली. मी चढलो नाही.

पारूबाई म्हणाली, "केरबादादा, बाप लई मोठा करा. घोड्यावर बसवा. घोडं लई पानी पेतं."

"घोडं कुठलं, एक लंगडा बैल व्हता त्याच्याकडं," साखराबाई म्हणाली. "तरी बसवा."

तिथून सरळ महादेवप्पांकडे गेलो. त्यांनी मला बसवून ठेवलं बराच वेळ, कालचं उट्टं काढलं. मग बाहेर आले. मी म्हणालो, विचार बदलला. साहेबांचे वडील घोड्यावर पाहिजेत. पुढचे दोन पाय उचललेला घोडा. अख्ख्या जिल्ह्यात असा नाही.

त्यांचं तोंड फुललं. "साहेबांच्या मनातलं बोललात! घोडा होताच त्यांच्याकडे."

"पाणी तिप्पट लागेल. पाऊस पडेपर्यंत रोज दोन टँकर, हौदातच उतरवायचे. किल्ली माझ्याकडे."

"लागू द्या," म्हणाले, आणि आतून चहा मागवला. कप गोठ्याच्या भिंतीवरूनच आला. मी प्यालो.

बाहेर येऊन बाभळीखाली थुंकलो. बरं वाटलं नाही.

घोडा मी कधी केलेला नाही. दोन पाय उचलले की सगळा भार मागच्या गुडघ्यांवर येतो, ते गुडघे मागे वळतात की पुढे हेही मला आज छातीठोक सांगता येणार नाही. उद्या टँकर उतरवून घेतो, मग नांदेडला जाऊन टांग्यांच्या अड्ड्यावर बसणार, माप घ्यायला. खोटा घोडा झाला म्हणून काय, पाय बरोबर पाहिजेत.